उघडलंच आहे तर

गॅरेजवाला म्हणाला, अकराशे डॉलर.
मी विचारलं, आणि त्यातला भाग केवढ्याचा?
साठचा.
बाकी सगळे तिथवर पोचायचे.

तसा वास आठवडाभर येतच होता,
पाक उतू गेल्यासारखा गोड,
काचेला आतून चिकट साय,
आणि पार्सलं ठेवते तिथली चटई ओली.
दोनशे बारा पेट्यांची माझी टपालवाट.
स्टिअरिंग उजवीकडे, खिडकी दिवसभर उघडी,
सुपीरियरवरचा वारा थेट कानात.
हीटर म्हणजे चैन नव्हे मग.
हीटर म्हणजे बोटं.

शुक्रवारी वाइनोच्या पेटीत हात घातला
तर आत जुना लोकरी मोजा,
मोज्यात हातभर लांब पान्याची दांडी,
आणि सिमेंटच्या पिशवीचा फाडलेला कागद:
"उघडतेच आहेस तर नळ्या बदल. व्हॉल्व्ह बदल.
रेडिएटरचं झाकणसुद्धा."
ना नाव, ना सही, ना तिकीट.
होडीच्या मोटरीवरून तीन वर्षं बोललो नाही आम्ही.
त्याची बिलं मात्र रोज मीच टाकते.
काच पुसत जाताना पाहिलं असणार त्यानं.

शनिवारी जीप शेडमध्ये घेतली.
आधी बॅटरीची काळी वायर.
मग खाली पातेलं, त्यात हिरवं पाणी,
त्यावर लगेच फळी, कारण कुत्रीला गोड आवडतं
आणि हे गोड जीव घेतं.
डॅशबोर्डचं प्लास्टिक थंडीत पापडासारखं मोडतं,
म्हणून निघेल तो तुकडा सौनाच्या बाकावर नेऊन ठेवला.
शेजारीण आयली टॉवेल घेऊन आली, बघून म्हणाली,
आज पाहुणे कोण?

स्क्रू मी पत्रांसारखे लावले,
अंड्यांच्या खोक्यात, वाटेच्या क्रमानं.
व्हॉल्व्ह बोट लागताच बिस्किटासारखा गळून पडला.
नळ्या दाबल्या, आतून करकरल्या.
खरं होतं कागदावरचं, सगळं.
राग आला.

शेवटचा बोल्ट तिथे होता
जिथे हात जातो पण डोळे जात नाहीत.
माझी दांडी चार बोटं कमी पडली.
रात्री नऊपर्यंत मी त्या चार बोटांशी भांडले.
मग मोजा उघडला.

निघाला तो, वहीएवढा रेडिएटर,
शिवणीवर पांढरी बुरशी धरलेला.
एवढ्याशानं एवढं धुकं केलं होतं!
नव्याच्या कडांना फोमची पट्टी लावली,
नाहीतर वारा बाजूनंच निसटतो,
गरम न होता.
बागेच्या नळीनं इंजिन उलटं धुतलं:
आधी चहा, मग ताक,
मग एकदाचं पाणी.

रविवारी नवा थर्मोस्टॅट,
चढावर नाक वर करून जीप उभी,
झाकण उघडं, मी बादलीवर बसलेले,
गुडगुड थांबेपर्यंत.
हवा अडकून राहिली तर
सगळं नवं असूनही ऊब येत नाही.
यायला चाळीस मिनिटं लागली.
आली तेव्हा मी हातमोजे काढले आणि
नुसतीच बसून राहिले.
खोक्यात एक स्क्रू उरला होता. कुठला, देव जाणे.

सोमवारी दांडी त्याच्या पेटीत परत,
मोजा धुऊन,
वर छापील चिठ्ठी: टपालखर्च बाकी.
रकमेची जागा कोरी ठेवली.
नियम म्हणजे नियम.

मंगळवारी त्याच्या पेटीचा लाल झेंडा वर.
पुठ्ठ्यावर चिकटपट्टीनं लावलेली नाणी,
आणि खाली पेन्सिलीनं:
"थर्मोस्टॅट?"

बदलला होता.
पण ते चिठ्ठीवर लिहिण्यासारखं नव्हतं.
एकोणीस वर्षांत या वाटेवर मी गाडीतून कधी उतरले नव्हते.
इंजिन चालू ठेवलं, हीटर तीनवर,
आणि बर्फातून त्याच्या दाराकडे निघाले.